‘लक्षात राहत नाही’ म्हणण्याआधी हात नेमका कुठे अडतो ते बघा

प्रश्न एका सुपरवायझरचा आहे. सुटे भाग जोडून डब्यात भरायचं काम असलेल्या त्यांच्या विभागात चार नवे कामगार आले. दोघांना बौद्धिक अक्षमता आहे, एक जण कर्णबधिर आहे आणि एकीला अगदी कमी दिसतं. इतरांना जे तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं तेच यांनाही दिलं. तीन आठवडे झाले तरी चुका कमी होत नाहीत. ‘सांगितलेलं यांच्या लक्षात राहत नाही’ असं ते लिहितात. आता खेळ, रंगीत तक्ते, व्हिडिओ असं काही सर्जनशील करून बघावं का, आणि ‘यांनाच सवलत का?’ असं विचारणाऱ्या जुन्या कामगारांना काय सांगावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी गेली २२ वर्षं कामाच्या जागी जाऊन, दिव्यांग कामगाराच्या शेजारी उभी राहून काम शिकवते. खेळ आणि तक्त्यांकडे येईनच, पण त्याआधी ‘लक्षात राहत नाही’ या शब्दांपाशी थांबायला हवं. कारण त्यातून कामगार कुठे चुकतो ते कळत नाही. मोजणी चुकते? भाग उलटा बसतो? माहितीपत्रक घालायचं राहून जातं? की सगळं बरोबर होऊनही पुढचा डबा घ्यायला हात धजत नाही, कारण मागच्या वेळी कोणी ओरडलं होतं? या चार अडचणींचे उपाय चार वेगळे आहेत. शिकवण्याचा धागा कुठे तुटतो ते तुम्हाला अजून दिसलेलं नाही, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. ते दिसलं की युक्ती सुचायला वेळ लागत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. कामात फिरतं यंत्र, उष्णता किंवा रसायन आहे का, यावर बरंच ठरतं. अक्षमता जन्मापासूनची की नंतर आलेली, यानेही फरक पडतो. चाळिशीत दृष्टी गेलेल्या माणसाला वस्तू कशी दिसते ते आठवत असतं, पण हातांनी बघायची सवय नसते; जन्मापासून न दिसणाऱ्याचं बहुधा याच्या उलट. बौद्धिक अक्षमता असलेल्या तुमच्या त्या दोघांतही एकमेकांशी फारसं साम्य नसेल. एकाला क्रम चटकन कळत असेल पण बोटं जड असतील, दुसऱ्याचं नेमकं उलट. म्हणून चौघांची मिळून ‘दिव्यांगांची बॅच’ करू नका. त्यांना बांधणारा धागा फक्त तुमच्या नोंदवहीत आहे. शिवाय त्यांना स्वतःला काय वाटतं, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. एकेकाला निवांत गाठून विचारा: काय जमतं, काय नकोसं वाटतं, आधी एखादी गोष्ट चांगली शिकलात तेव्हा ती कशी शिकवली होती? कर्णबधिर कामगाराशी हे बोलणं दुभाष्यामार्फत व्हायला हवं, घाईघाईच्या हातवाऱ्यांनी नाही.

मग स्वतः कामाला बसा. एक अख्खा तास ते काम तुम्ही करा आणि प्रत्येक हालचाल कागदावर उतरवा. जुन्या माणसाला विचारलं तर तो तीन वाक्यांत सांगतो: डबा उघड, माल भर, पट्टी मार. सवयीने त्याला मधल्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. अशाच एका कामाची मी फोड केली तेव्हा २३ पायऱ्या निघाल्या. डब्याच्या तळाच्या चार पाळ्यांपैकी, म्हणजे दुमडायच्या पुठ्ठ्यांपैकी, आधी कुठल्या दोन आत वळवायच्या, पिशवी टाकताना तिचं तोंड कुठल्या बाजूला, चिकटपट्टीचं टोक कडेपासून किती बोटं पुढे न्यायचं. यातलं कोणी कोणाला कधीच सांगितलं नव्हतं. बाकीचे बघत बघत शिकले होते. ज्याला नुसतं बघून शिकणं जड जातं, त्याच्यापर्यंत या पायऱ्या पोचल्याच नव्हत्या, मग त्या लक्षात राहणार कशा? फोड किती बारीक करायची याचं ठरावीक माप नाही. कामगार अडतो तिथे पायरीचे आणखी दोन तुकडे करा. जिथे तो सरसर जातो तिथे तीन पायऱ्यांची एक झाली तरी चालेल.

एका तरुणाला प्रत्येक पिशवीत १२ स्क्रू भरायचे होते. कधी ११ पडत, कधी १४. त्याच्या सुपरवायझरने त्याला रोज सकाळी अर्धा तास अंक मोजायला बसवायला सुरुवात केली होती. दोन महिने ते चाललं. वयाने मोठा माणूस, सगळ्यांसमोर एक ते बारा घोकत बसलेला. मी एक दिवस नुसतं बघत बसले. सातपर्यंत तो न चुकता मोजायचा. मग शेजारून ट्रॉली गेली किंवा कोणी हाक मारली की आकडा निसटायचा, आणि तो अंदाजाने पुढचा आकडा धरायचा. अंक त्याला येत होते. मध्येच मोडलेला क्रम पुन्हा जोडता येत नव्हता. आम्ही एका जाड फळीला १२ खड्डे पाडले. प्रत्येक खड्ड्यात एक स्क्रू ठेवायचा, एकही खड्डा रिकामा नाही हे बोट फिरवून बघायचं आणि फळी नरसाळ्यावर उलटी करायची. पहिल्याच दिवशी नवी चूक निघाली: एका खड्ड्यात दोन स्क्रू मावत होते. खड्डे अरुंद केले. त्यानंतर मोजणीची चूक थांबली, कारण मोजायचं कामच उरलं नव्हतं. आठवडाभरात पलीकडच्या टेबलावरच्या एक बाई म्हणाल्या, ‘मलाही तशी फळी करून द्या.’ दुपारनंतर थकल्यावर त्यांचीही मोजणी चुकायची, फक्त ते कोणी नोंदवत नव्हतं.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने १९६१ मध्ये असाच प्रश्न सोडवला होता. एका कारखान्यात छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि एखादी स्प्रिंग राहून जाई. नीट लक्ष द्या, असं कामगारांना बजावलं की थोडे दिवस फरक पडे, मग पुन्हा तेच. शिंगोंनी जोडणीच्या जागी एक छोटी ताटली ठेवायला लावली. आधी दोन स्प्रिंग ताटलीत काढायच्या, मग स्विच हातात घ्यायचा. शेवटी ताटलीत स्प्रिंग उरली तर चूक तिथल्या तिथे दिसते. अशा युक्त्यांना तेव्हा जपानीत ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खालाही चुकू न देणारी सोय. तो शब्द कानावर पडून एका कामगार स्त्रीला रडू आलं, तेव्हा शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं: अनवधानाने होणारी चूक टाळणारी सोय. जिग, म्हणजे चूक टाळणारी अशी फळी किंवा साचा, करताना मी हे नेहमी आठवते. फळी तीच असते, पण ती देताना ‘तुला मोजता येत नाही ना, म्हणून’ म्हटलं की ती शिक्षा होते. ‘इथे सगळ्यांचीच मोजणी चुकते, ही वापरून बघ’ म्हटलं तर ते कामाचं अवजार होतं. आणि हे दुसरं वाक्य खरंही असतं.

आता रंगांबद्दल. मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या कामाचा पाया आहे. मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या, संरक्षित कार्यशाळांत, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी चालवलेल्या कामाच्या जागी, काम करणाऱ्या ६४ जणांना त्यांनी सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं. निम्म्यांना भाग कारखान्यातून आले तसेच दिले. उरलेल्यांच्या प्रत्येक भागाचा एक पृष्ठभाग रंगवला होता: भाग योग्य जागी ठेवल्यावर जो कामगाराच्या समोर येतो तो. रंगवलेले भाग मिळालेले स्पष्टपणे लवकर शिकले. नंतर सगळ्यांना २४ भागांचा दुसरा ब्रेक बिनरंगाचा दिला, आणि तोही जोडणं त्यांना साधलं.

यातला रंग काय करतो ते नीट बघा. तो सजावट करत नाही, उत्साहही वाढवत नाही. भागाची कुठली बाजू वर, एवढी एकच गोष्ट तो सांगतो, आणि ती भागावरच सांगतो, नजर जिथे आहे तिथेच. भिंतीवरचा तक्ता कामगाराला मान वर करायला, चित्रातली पायरी शोधायला, ती डोक्यात धरून पुन्हा खाली बघायला आणि हातातल्या भागाशी जुळवायला लावतो. म्हणजे आधीच जड असलेल्या कामात आपण चार कामांची भर घातली. म्हणून तक्ता करायचा असेल तर पायरीचं एकच चित्र घ्या आणि ते त्या बिनच्या, म्हणजे सुटे भाग ठेवायच्या खोक्याच्या, तोंडावर चिकटवा. रंगही सरसकट वापरू नका. काहींना रंगांतला फरक दिसत नाही, आणि कमी दिसणाऱ्या तुमच्या कामगाराला तो उपयोगी पडेल की नाही ते तिच्यासोबत बसूनच ठरेल. तिथे भागाच्या कडेवर एक खाच किंवा खडबडीत पट्टी तेच काम करते.

शिकवताना तोंड किती चालवायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे: जितकं कमी तितकं बरं. गोल्ड यांच्या पद्धतीत प्रशिक्षक जवळजवळ गप्प असे. काम बरोबर चाललं असेल तर शांतता, चुकत असेल तर हस्तक्षेप. हे मला सुरुवातीला रूक्ष वाटलं होतं. पण दर पायरीला ‘शाब्बास, छान’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांकडे शिकलेले कामगार मी पाहिले आहेत. दर पायरीनंतर त्यांची नजर हातावरून उठून प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर जाते. काम बरोबर झालं की नाही हे ते वस्तूत बघत नाहीत, आपल्या डोळ्यांत शोधतात. कौतुक जरूर करा, पण डबा पूर्ण झाल्यावर, मोठ्या माणसाशी बोलावं तसं.

समोर उभं राहून दाखवू नका. समोरून तुमचा डावा हात त्याच्या उजव्या बाजूला दिसतो. शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा आणि एकदा पूर्ण काम नेहमीच्या वेगापेक्षा जरा सावकाश करून दाखवा. मग त्याला करू द्या. जिथे थांबेल तिथे लगेच सरसावू नका. मनात पाच अंक मोजा. ही पाच अंकांची कळ काढणं प्रशिक्षकाला सगळ्यात अवघड जातं आणि सगळ्यात जास्त फळ तीच देते, कारण कित्येकदा हात चौथ्या अंकाला योग्य भागाकडे वळतो. नाहीच वळला तर बोटाने खूण करा. तेवढ्याने भागलं नाही तर परवानगी विचारून हाताला दिशा द्या. न विचारता कोणाचा हात धरू नका. दृष्टिहीन कामगाराच्या बाबतीत त्याचा हात ओढून वस्तूवर ठेवण्यापेक्षा तुमचा हात कामावर ठेवा आणि त्याला तुमच्या हातावर हात ठेवू द्या. सोडायचा की धरायचा हे मग त्याच्या ताब्यात राहतं.

चूक होऊन मग सुधारण्यापेक्षा ती होऊच न देणं बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी बहुधा जास्त चांगलं. चुकीची हालचाल चार वेळा झाली की हाताला तीच पाठ होते. पहिल्या दिवसांत मी हात चुकीच्या बिनकडे जाण्याआधीच खूण करते आणि मग ती खूण रोज थोडी उशिरा, थोडी पुसट करत नेते. आणखी एक युक्ती म्हणजे शेवटाकडून सुरुवात. २२ पायऱ्या तुम्ही करा, शेवटची पट्टी मारण्याची पायरी त्याच्याकडे द्या. ती जमली की शेवटच्या दोन. पहिल्या दिवसापासून पूर्ण झालेला डबा त्याच्या हातून बाहेर पडतो. घाबरलेल्या, आधी दोन ठिकाणांहून काढून टाकलेल्या माणसासाठी मी हीच वाट धरते. जिथे सुरुवातीची चूक शेवटपर्यंत कळत नाही अशा कामात मात्र पुढून सुरुवात केलेली बरी.

हे सगळं डोक्यात ठेवून चालत नाही, एक कागद हवा. डाव्या बाजूला पायऱ्या, वरच्या ओळीत प्रयत्न. प्रत्येक चौकटीत ‘स्व’ म्हणजे स्वतः केलं, ‘खू’ म्हणजे खुणेने, ‘हा’ म्हणजे हाताला दिशा देऊन. तीन दिवसांत कागदच बोलायला लागतो. बहुतेक पायऱ्यांवर ‘स्व’ दिसतं आणि दोन-तीन पायऱ्यांवर ‘हा’ची रांग. ज्याला ‘काहीच येत नाही’ असं म्हटलं जात होतं, त्याला २३ पैकी २० पायऱ्या येत असतात. एखाद्या पायरीवर दोन दिवस एकच खूण अडकली असेल तर आणखी सराव देऊ नका, पद्धत बदला: भाग दुसऱ्या बाजूने द्या, टेबल बुटकं करा, पायरी दोघांत वाटा, जिग करा. तुम्ही ज्याला सर्जनशील म्हणता ती जागा ही आहे. त्या अडलेल्या दोन पायऱ्यांवर सगळी कल्पकता खर्च करा.

कर्णबधिर कामगाराचं तुम्ही फारसं लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की काम तो बघून पटकन शिकला असेल आणि चुका बदल झाल्यावर होत असतील. आज दोन पत्रकं घालायची, तो माल बाजूला ठेवायचा, असल्या गोष्टी पाळीच्या सुरुवातीला सगळ्यांना तोंडी सांगितल्या जातात. त्या त्याच्यापर्यंत येत नाहीत. तो ओठ वाचतो यावर विसंबू नका. प, ब आणि म ओठांवर एकसारखे दिसतात; ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. चिठ्ठी लिहून भागतं असंही नाही. जो लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढला त्याच्यासाठी लिखित भाषा अनेकदा दुसरी भाषा असते. सुरक्षेची माहिती, पगार आणि रजा याबद्दलचं बोलणं दुभाष्यासह व्हावं. रोजच्या कामासाठी त्याच्याकडूनच विभागाने २०-३० खुणा शिकून घ्याव्यात. तो शिकवणारा आणि बाकीचे शिकणारे, हे दृश्य विभागात बरंच काही बदलतं. आणखी एक: तुमच्या हाताकडे बघताना तो तुमचं सांगणं बघू शकत नाही. दाखवा, थांबा, त्याने मान वर केली की मग सांगा.

ऐकू येणाऱ्यांना कळतही नाही की ते यंत्र कानाने शिकतात. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळायचा पाना, पुरेसा आवळला की ‘कट्’ वाजतं, माल अडकला की मोटरचा सूर बदलतो. टॉर्क पान्याचा झटका मनगटालाही जाणवतो, तो मुद्दाम लक्ष वेधून शिकवता येतो. मोटरसाठी मात्र दिवा लावायला हवा.

कमी दिसणाऱ्या कामगाराबाबत लोक आधी अक्षरं मोठी करतात. ते नेहमी बरोबर नसतं. ज्यांच्या नजरेचा घेर आकसलेला असतो, नळीतून बघावं तसं ज्यांना दिसतं, त्यांना मोठं अक्षर एका वेळी पूर्ण दिसतच नाही. काहींना जास्त उजेड हवा, काहींना तोच उजेड डोळ्यांवर चमकून त्रास देतो. तिच्यासोबत टेबलाशी बसा, दिवा हलवून बघा, फिकट भागांखाली काळी चटई आणि काळ्या भागांखाली पांढरी घालून बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि अनेकदा चुकांतला मोठा वाटा तिथेच संपतो. मग जागा पक्क्या करा. प्रत्येक बिनला ठरलेली जागा, कडेला पट्टी ठोकून. रात्री साफसफाई करणाऱ्यांनाही ते सांगून ठेवा, कारण चार बोटं सरकवलेला बिन तिची सकाळ वाया घालवतो.

व्हिडिओ करा, पण तो कामगाराच्या खांद्यावरून, त्याच्या टेबलावर, त्याच्याच हत्यारांनी घ्या. एका पायरीची एक चित्रफीत, वीस-तीस सेकंदांची, संगीत नको. पहिल्यांदा शिकवायला नव्हे तर आठवण ताजी करायला तो चांगला. स्वमग्न कामगारांना विशेषतः उपयोगी पडतो, कारण व्हिडिओ दर वेळी तस्साच असतो. माणूस दर वेळी थोडं वेगळं दाखवतो.

खेळांबद्दल मात्र मी सावध करेन. मोठ्या माणसांना मण्यांचे आणि टाळ्यांचे खेळ देणं त्यांच्या वयाचा मान राखत नाही. शिवाय प्रशिक्षणाच्या खोलीत शिकलेलं टेबलापर्यंत पोचत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना एका जागचं शिकणं दुसऱ्या जागी नेणं हेच तर अवघड असतं. म्हणून या क्षेत्रात ‘आधी तयार करा, मग नोकरी द्या’ हा क्रम उलटून ‘आधी नोकरी, मग त्याच जागी शिकवणं’ ही पद्धत आली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’ने हेच केलं. विकासात्मक अक्षमता असलेल्या तरुणांना रुग्णालयातच, खऱ्या विभागांत, खरी कामं शिकवली. पुढे तोच नमुना अनेक देशांत गेला. खोटं काम शिकवण्यात जाणारा वेळ खऱ्या टेबलावर द्या.

काम शिकवून झालं तरी नोकरी टिकतेच असं नाही. माझ्या पाहण्यात ज्यांची नोकरी गेली, त्यांतल्या बहुतेकांचं हातचं काम चांगलं होतं. अडलं ते भोवतालच्या गोष्टींत. चिकटपट्टी संपल्यावर एक जण पाळी संपेपर्यंत नुसता उभा राहिला, कारण पट्टी संपली तर काय करायचं हे त्याच्या फोडीत नव्हतं. तेव्हापासून मी अडचणींचीही फोड करते: माल संपला, डबा फाटका निघाला, मदत हवी, लघवीला जायचंय, कोणी चिडवलं. प्रत्येकासाठी एक ठरलेली कृती, शक्यतो एकच: टेबलावरचं लाल कार्ड उभं करायचं. आणि मग सांगून-सवरून त्याचा सराव घ्यायचा, खरोखर रिकामं रीळ लावून.

सुरक्षेच्या बाबतीत पद्धत कल्पक असू द्या, निकष सगळ्यांना तोच ठेवा. धोक्याच्या वेळी यंत्र बंद करणं दहापैकी दहा वेळा स्वतः जमल्याशिवाय त्या यंत्रावर कोणी एकटं काम करू नये. कर्णबधिर कामगारासाठी आगीच्या भोंग्याबरोबर दिवा हवा, स्वच्छतागृहातसुद्धा. कमी दिसणाऱ्या कामगाराला बाहेर पडायचा रस्ता यंत्रं बंद असताना दोन-तीनदा चालून दाखवा.

आता ‘यांनाच सवलत का?’ हा प्रश्न. सहकाऱ्यांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा: काय व्हायला हवं, आणि ते कसं करायचं. पिशवीत १२ स्क्रू हवेत, हे सगळ्यांना सारखं. ते मोजून भरायचे की फळीने, हे माणसागणिक वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे, आणि त्या कराराच्या २७व्या कलमात कामाच्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कायद्यापेक्षा टेबलावरची फळी लोकांना लवकर पटते. ज्यांना हवी त्यांना ती द्या. शिकण्याच्या काळात वेग कमी राहील, तो काळ किती हे आधीच जाहीर करा आणि तेवढ्या काळाची तूट शेजारच्याच्या माथी मारू नका. तक्रारींचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

सगळे उपाय करूनही काम जुळलं नाही तर? तसंही होतं, आणि ते त्या माणसाला सरळ सांगून काम बदलावं. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डने १९२२ मध्ये लिहिलं आहे की त्याच्या कारखान्यातल्या ७,८८२ कामांची छाननी केली तेव्हा ६७० कामं दोन्ही पाय नसलेल्यांना, २,६३७ एक पाय असलेल्यांना, ७१५ एक हात असलेल्यांना आणि १० दृष्टिहीनांना करता येतील अशी निघाली. कामागणिक असं बसून बघणं मला फार मोलाचं वाटतं. पण दृष्टिहीनांसाठीचा तो १० चा आकडा, काम आहे तसंच ठेवलं तर किती जमेल, एवढंच सांगतो. जागा पक्क्या केल्या, खाचा पाडल्या, फळी दिली की आकडा बदलतो. म्हणून काम बदलण्याआधी कामाची मांडणी बदलून बघा. दोन कामगारांत पायऱ्यांची अदलाबदलही करता येते: एकाने पाळ्या वळवायच्या, दुसऱ्याने पट्टी मारायची, दोघंही आपापल्या जमणाऱ्या भागात वेग धरतात.

शेवटची गोष्ट तुमच्या स्वतःबद्दल. काही वर्षांपूर्वी एका कामगार स्त्रीला मी आठ महिने शिकवलं. तिचं काम उत्तम होत होतं. मी जायचं बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी ती थांबली. तिला पायऱ्या येत होत्या, पण प्रत्येक पायरीची सुरुवात माझ्या उभं असण्याशी बांधली गेली होती. सहकारीही तिला काही सांगायचं असेल तर मला सांगत. आठ महिन्यांत एकानेही तिच्याशी थेट बोलायची सवय लावून घेतली नव्हती, आणि ती लागू न देणारी मीच होते. तिला पुन्हा उभं करायला आम्हाला सहा आठवडे लागले, आणि त्या वेळी शिकवलं तिच्या शेजारच्या दोघींनी. दोघी मुद्दाम, म्हणजे एक रजेवर असली तरी अडत नाही. त्यांच्या कामाच्या वेळातून त्यासाठी रोज ठरावीक वेळ मोकळा करून घेतला होता. मी फक्त त्या दोघींना पाच अंक मोजायला शिकवलं.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी माझं दूर जाणं कागदावर लिहून ठेवते: पहिले काही दिवस हाताच्या अंतरावर, मग एक पाऊल मागे, मग नजरेच्या बाहेर, मग वाटेच्या पलीकडे, मग दिवसातून दोन फेऱ्या. तारखा कामगारागणिक बदलतात, कागदावरच्या ‘स्व’ बघून. तुमच्या चौघांसाठी असे चार कागद करा. पहिला आठवडा भरून झाला की कुठल्या पायऱ्यांवर सगळ्यात जास्त ‘हा’ आले आहेत ते मला कळवा, आणि जमलं तर त्या पायरीचा टेबलावरचा फोटो पाठवा. कामगाराचा चेहरा नको, हात आणि बिन दिसले तरी पुरे.